व्हिजिटिंग कार्डांचे डबे रद्दीत देऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गिरगावात चाळी रिडेव्हलपमेंटला जातायत आणि घर रिकामं करताना लोक कपाटातलं सगळं रद्दीवाल्याला देऊन मोकळे होतात, त्यात जुन्या व्हिजिटिंग कार्डांचे डबे पण जातात, ते बघून फार वाईट वाटतं म्हणून हे पत्र. मी गेली बारा वर्षं ही कार्डं जमवतेय, थोडी चोर बाजारातनं, बाकी बहुतेक रद्दीच्या दुकानातनं.

एकच कार्ड सांगते. काळबादेवीच्या एका कापडाच्या पेढीचं आहे, पत्त्यात शेवटी नुसतं "मुंबई 2", म्हणजे छापलं तेव्हा पिनकोड नव्हता, तो आला 15 ऑगस्ट 1972 ला. पण त्यावर नंतर 400002 चा रबरी शिक्का मारलाय आणि सहा आकडी फोनच्या पुढे निळ्या पेनने एक आकडा वाढवलाय, म्हणजे शेटजींनी तो गठ्ठा संपेपर्यंत वापरला! खाली तारेचा पत्ता, एकच शब्द, कारण तारेला शब्दावर पैसे पडायचे. आणि जुळणी बघा, पेढीचं नाव मधोमध ठसठशीत, पत्ता खाली डाव्या कोपऱ्यात बारीक, मधे भरपूर मोकळी जागा. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्याने ती जागा भरायचा मोह टाळलाय, त्यामुळे नजर आधी नावावरच जाते.

पण जुनं म्हणून सगळंच छान असं अजिबात नाही, आणि जमवणाऱ्यांनी हे बोललं पाहिजे. त्याच पेढीचं नंतरचं ऑफसेटवरचं, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरनं छापलेलं, कार्ड माझ्याकडे आहे, त्यात लक्ष्मीचा फोटो, सोनेरी बॉर्डर, चार-पाच तऱ्हेची अक्षरं आणि मालाची अख्खी यादी, फोन नंबर शोधावा लागतो. आणि खिळ्यांच्या कार्डांतही कित्येकदा वेलांटी तुटलेली दिसते, कारण तिचा बाहेर आलेला भाग नाजूक असायचा आणि तुटला तरी तोच खिळा परत वापरायचे.

ट्रेडल या खिळ्यांच्या जुन्या छपाई मशीनवर आयुष्य काढलेल्या एका काकांनी मला शिकवलं की कार्ड उलटं करून बोट फिरवायचं, मागे अक्षर उठलेलं लागलं तर दाब जास्त झाला, छपाई चुकली, शिवाय खिळाही झिजतो. आज लग्नपत्रिका, कार्डं मुद्दाम खोल दाबून "लेटरप्रेस" म्हणजे खिळ्यांची जुनी छपाई म्हणून महाग विकतात, दिसायला छान दिसतात, पण जुन्या काळचं म्हणून तो दाब दाखवणं मला पटत नाही.

एक चूक मी केली ती कोणी करू नका. सुरुवातीला चाळीसेक कार्डं लॅमिनेट करून घेतली, आता त्यात बुडबुडे आलेत, कडा पिवळ्या पडल्यात आणि प्लॅस्टिक काढायला गेलं की वरची शाईच निघते. चिकट पानांचा अल्बम पण नको. साधं कागदी पाकीट, घट्ट झाकणाचा डबा आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं.

घरात असा डबा निघाला तर आई-वडिलांना, आजीला एकदा विचारा की हे कार्ड कोणाचं, कुठल्या कामात मिळालेलं, आणि ते पाकिटावर पेन्सिलीने लिहून मगच कार्ड आत घाला. ठेवायला जागा नसेल तर एखाद्या जमवणाऱ्याला द्या.

आपली,
एक वाचक, गिरगाव