आयलरची तबकडी मोबाइलवर ऐकू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मुक्त जाझवरचा (ठरलेली चौकट सोडून वाजवलेल्या जाझवरचा) लेख वाचला. हा विषय सीमाभागातल्या मराठी वाचकांपर्यंत आणलात, आनंद वाटला. मात्र अमेरिकी सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरच्या त्रयीची 'स्पिरिच्युअल युनिटी' ही तबकडी लेखात 'सॅक्सोफोनचा आक्रोश आणि झांजांचा गदारोळ' एवढ्यावर आटोपली आहे. मग तिसरा वादक गेला कुठे? गॅरी पीकॉकचा डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) त्यात भरपूर वाजतो.

आमचा कयास असा, की लेखकानं ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकली. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला लागते, वरची ९८ ला. मोबाइलचा पिटुकला स्पीकर इतक्या खाली उतरतच नाही. स्वराचा पाया गळतो, उरते ती तारेवरच्या बोटांची टकटक, आणि तीही झांजांत बुडते. वायरचा साधा हेडफोन लावला तरी पीकॉक परत येतो. दोन्ही कानांत अगदी एकसारखं ऐकू आलं तर हेडफोन बिघडला असं समजू नये. मुद्रणच मोनो आहे.

लेख वाचून ही त्रयी वर्षानुवर्षं एकत्र होती असं वाटतं. प्रत्यक्षात १४ जून १९६४ ला न्यूयॉर्कच्या सेलर कॅफेतली मैफल (ती 'प्रॉफेसी' नावानं १९७५ मध्ये निघाली), १० जुलैला स्टुडिओतली ही तबकडी, आणि सप्टेंबरात कोपनहेगनला डॉन चेरीचा ट्रम्पेट येऊन मिळाला, की झाली चौकडी. एका उन्हाळ्याचा कारभार! तबकडी काढणारी कंपनीही नवीकोरी, एका वकिलानं सुरू केलेली. तिची पहिली तबकडी एस्परांतो या कृत्रिम भाषेतली होती.

आपल्याकडचा श्रोता अडतो तो समेपाशी. त्रयीतला ड्रमवादक सनी मरे ठेका धरत नाही, तरी तीनतालावर वाढलेला कान सम शोधत राहतो आणि दुसऱ्या मिनिटाला थकतो. शोधूच नये. याला 'आलापासारखं' म्हणणं सोयीचं, पण अर्धंच खरं: तंबोरा षड्ज धरून ठेवतो, मरेची सतत शहारणारी झांज कुठलाच स्वर धरत नाही. धरायचा असेल तर मुखडा धरावा. 'घोस्ट्स' ही चीज तबकडीत दोनदा आहे, सुरुवातीला पाचेक मिनिटं आणि शेवटी दहाएक. चाल बडबडगीताइतकी सोपी. ती गुणगुणता येईपर्यंत पहिलं रूप ऐकावं, मग थेट शेवटचं लावावं, मधल्या दोन चिजा नंतर. चाल कुठे फुटते आणि कुठे परतते, ते आपोआप कळतं.

आयलर अमेरिकी लष्कराच्या बँडमध्ये होता, काही काळ फ्रान्समध्ये. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड ऐकलेल्यांना त्याच्या चालींतलं ते छाती काढून वाजवणं लगेच ओळखू येईल. नेहमीच्या बोरूच्या रीडऐवजी (रीड म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी थरथरणारी पट्टी) तो प्लास्टिकची कडक रीड लावायचा. तिला फुंक जास्त लागते, पण सॅक्सोफोनचा तो रुंद, थरथरता आवाज तिच्यावरच पेलतो. 'आक्रोश' म्हणून सोडून देण्याइतकं ते सोपं काम नाही.

जाता जाता, लेखासोबतच्या चौकटीत मरेच्या नावापुढे 'बास' छापलं आहे. तिथे 'ड्रम्स' हवं.

— काही श्रोते, टिळकवाडी, बेळगाव