लिंकनच्या सावलीतले स्टीव्हन्स

महोदय,
अमेरिकेतील गुलामीचा विषय निघाला की आपण लिंकनपाशी थांबतो. थॅडियस स्टीव्हन्स (१७९२-१८६८) यांचे नाव क्वचितच निघते. जन्मतः पायात व्यंग असलेले, पेनसिल्व्हेनियात वकिली करणारे हे गृहस्थ जिभेने भलतेच तिखट. १८३५ साली तिथल्या विधिमंडळात मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायला निघाला होता. यांच्या भाषणाने तो वाचला. पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, गुलामी संपवणाऱ्या तेराव्या आणि समान नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी झगडले. मला मात्र त्यांची कबर जास्त बोलकी वाटते. इतर दफनभूमींत वर्णभेद, म्हणून त्यांनी लँकेस्टरमधली सर्वांना खुली असलेली साधी जागा निवडली आणि कारण दगडावर कोरवले. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांत हेही आलेच की!

– एक वाचक, सातारा