वाळवंटातल्या घराच्या फटी बुजवतो म्हणून पैसे घेतले आणि नुसतं विष फवारून गेले, त्याबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर साहेब,
बेळगाव शाखा

नमस्कार साहेब,

मी खानापूर तालुक्यातली. ह्यांची बदली जैसलमेरला पवनचक्कीच्या मेंटेनन्सवर झाली तेव्हा आमचं सगळं सामान तुमच्याच कंपनीनं नेलं. सामानाबद्दल माझी काही तक्रार नाही, कपाटाची काच, देव्हारा, पाट्या-वरवंट्यापासून सगळं शाबूत पोचलं आणि ते काम तुमच्या पोरांनी मनापासून केलं हे मी आधीच सांगते. तक्रार आहे ती त्याच बिलात वेगळे साडेआठ हजार लावून घेतलेल्या वाळवंटी घराच्या पॅकेजची.

करारपत्र इंग्लिशमध्ये होतं पण तुमच्या ऑफिसातल्या माणसानं मला मराठीत सगळं समजावून सांगितलं आणि वर व्हॉट्सअॅपवर लिहूनही पाठवलं, तो मेसेज माझ्याकडे आहे. त्यात काय होतं? बाहेरच्या दारांना खालून रबर पट्टी, मोरी आणि बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बारीक जाळी, खिडक्यांना मच्छर जाळी, एसीचा पाइप जातो त्या भोकाला सिलिकॉन, कंपाउंडच्या आत पडलेला विटा-लाकडाचा ढीग हलवणं, आणि सगळ्यात शेवटी 'गरज पडल्यास' औषध. मी ह्या यादीसाठी पैसे दिले. औषध तर दुकानातनं मी पण आणू शकते.

प्रत्यक्षात दोन पोरं पंप घेऊन आली, अर्ध्या-पाऊण तासात सगळीकडं फवारून गेली. दाराखालची फट तशीच, त्यातनं माझं बोट जातं. जाळी एकही नाही. विटांचा ढीग होता तिथंच, त्याच्यावर पण फवारलं. मी औषधाचं नाव विचारलं तर म्हणे कंपनीचं आहे. औषध किती विषारी ते दाखवणारा डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघू दे म्हटलं, लाल आहे, पिवळा आहे, निळा आहे की हिरवा, तर डबा गाडीत आहे म्हणून निघून गेले. आमचा मुलगा लहान आहे, अजून सगळं तोंडात घालतो, त्याच्या पाळण्याच्या खालची फरशी ओली केली आणि मला आधी एका शब्दानं सांगितलं नाही की बाई पोराला बाहेर घ्या. रात्रभर त्याला खोकला आणि डोळे चोळणं, मी आणि ह्यांनी मिळून सगळी फरशी साबणानं धुतली. ऊस-भुईमुगावर फवारणी करताना आमच्याकडे साधा शेतकरी सुद्धा पोरांना बांधाच्या पलीकडं ठेवतो.

आणि साहेब, आम्ही किड्यांना घाबरणारी माणसं नव्हे. खानापुरात पहिला वळीव पडला की दिव्याभोवती हुमणीचे भुंगेरे, पंख फुटलेली वाळवी, मग पावसाळाभर गोमी, मुंगळे, न्हाणीघरात खेकडा, हे सगळं बघत मी वाढले. आमच्या घराला अजून कौलं आहेत, अंथरूण झाडल्याशिवाय आमच्यात कुणी झोपत नाही. मोठी काळी इंगळी दिसायला भयानक पण तिचे चिमटे जाड नि नांगी बारीक, तिचं विष त्यामानानं सौम्य, आणि छोटा लाल विंचू, चिमटे बारीक नि नांगी जाड, तो माणूस मारतो, हे आमच्याकडे पोराटोराला माहीत असतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ह्याच लाल विंचवावर आयुष्य घालवलं, प्राझोसिनच्या गोळीनं माणसं वाचतात हे दाखवून दिलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून कुठल्या जीवाला किती भ्यायचं ते मला तुमच्या पॅम्प्लेटनं शिकवायची गरज नव्हती. मला गरज होती ती फट बुजवणाऱ्या माणसाची.

जैसलमेरचे जीव वेगळे आहेत हे खरं, आणि मोठे आहेत हेही खरं. उन्हाळ्यात दिवसा वाळूवर पाय ठेवता येत नाही, तिथनं जवळच्याच फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री झालं होतं, तर एवढ्या उन्हात सगळे बिळात, दगडाखाली, खोडाच्या सालीत दडून बसतात आणि अंधार पडला की बाहेर. बाहेरच्या बल्बला पाखरं येतात, पाखरं खायला दुसरे येतात, आणि कूलरच्या ओलाव्याला सगळेच येतात. अंगठ्याएवढा काळा भुंगेरा, पाठीवर सहा पांढरे ठिपके, तो रात्री फरशीवर पळताना टकटक आवाज येतो, त्याला डिवचलं तर फॉर्मिक अॅसिडची पिचकारी मारतो म्हणून त्याला हातानं धरायचं नाही, झाडूनं बाहेर काढायचं. उंटाच्या लेंड्या गोल करून ढकलत नेणारे शेणकिडे. पाऊस पडला की वाळूतनं वर येणारे मखमली लाल मृगाचे किडे, ते आमच्याकडं पण येतात पण तिथं असे थव्यानं की पोरगं टाळ्या वाजवत बसलं होतं.

आणि तो कॅमल स्पायडर. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी ओरडले, खोटं कशाला सांगू. केसाळ, पिवळसर, तळहाताएवढा, दहा पाय असल्यासारखा, आणि माझ्याच अंगावर धावून आला. ह्यांच्या साइटवरच्या एका जुन्या माणसानं नीट सांगितलं तेव्हा कळलं की तो किडा पण नव्हे आणि खरा कोळी पण नव्हे, विंचू-कोळ्यांच्या कुळातला वेगळाच प्राणी, पाय आठच, पुढचे दोन लांब ते चाचपायला. त्याला विषाची नांगी-बिंगी काही नाही, दाबला तर चावतो, जबडा जोरदार आहे, जखम होते ती धुवायची. तो माझ्याकडं धावला नव्हता, माझ्या सावलीकडं धावला होता, उजेडातनं सावलीत शिरायला बघतो तो. शिवाय तो विंचू पण खातो. म्हणजे ज्याला घरात घ्यायचं नाही पण अंगणात असू द्यायचं असा हा जीव.

तुमच्या फवारणीनं नेमकं काय झालं ते आता सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ते ठिपक्याचे भुंगेरे उताणे पडून पाय झाडत होते, शेणकिडे मेलेले, एक कॅमल स्पायडर भिंतीच्या कडेला तडफडत होता. ज्यांच्यापासून आम्हाला काही धोका नव्हता ते गेले. आणि त्याच रात्री बाथरूममध्ये जाड शेपटीचा पिवळसर विंचू, जिवंत, नहाणी ट्रॅपच्या बाजूला, जिथं तुम्ही जाळी बसवतो म्हणाला होता. विंचवाचं अंग कडक मेणचट असतं, फवारा सहज लागत नाही, महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, आणि फटीत औषध गेलं की आतला विंचू मरायच्या आधी बाहेर पळतो. ढीग न हलवता तुम्ही ढिगावर फवारलं म्हणून तो घरात आला असं माझं ठाम मत आहे. कुणाला डंख झाला नाही ही देवाची कृपा, पण पोरगं त्या वेळी माझ्या कडेवर होतं आणि माझ्या पायात चप्पल नव्हती.

शेजारच्या भाभीसांनी मग एका दुपारी जे केलं ते तुमच्या पॅकेजनं करायला पाहिजे होतं. दाराखाली जुन्या सतरंजीची गुंडाळी, पाळणा भिंतीपासून लांब ओढला, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही, बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, बाहेरचा पांढरा बल्ब काढून पिवळा लावला, आणि निळी यूव्ही टॉर्च आणायला सांगितली, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो त्यामुळं रात्री अंगण एकदा बघून घेता येतं. विटांचा ढीग ह्यांनी आणि साइटवरच्या दोघांनी जाड हातमोजे घालून हलवला. ह्यातलं काहीही महाग नाही. पण कबूल तुम्ही केलं होतं आणि पैसे तुम्ही घेतले होते.

अजून एक गोष्ट, ही मला जास्त लागली. तुमच्या पॅम्प्लेटवर टोळधाडीचा फोटो टाकून 'टोळधाडीपासून घराला संरक्षण' असं छापलंय. ते वाचून आम्ही निघायच्या आदल्या रात्री आमच्या सासूबाई रडत बसल्या, "कुठं जाऊलीस गे पोराला घेऊन" म्हणून. टोळधाड माणसाला चावत नाही, पीक खाते. एक चौरस किलोमीटरचा थवा दिवसाला पस्तीस हजार माणसांएवढं खातो. २०१९-२० मध्ये तीच धाड राजस्थानात आली, पुढं विदर्भापर्यंत गेली, तेव्हा जोधपूरचं सरकारी टोळ नियंत्रण खातं, गाड्या, ड्रोन, अख्खी यंत्रणा लागली होती. घरातल्या पंपानं त्यातलं काय अडणार? नवीन मुलखात निघालेल्या बाईला भीती दाखवून पॅकेज विकणं हे मला बिलकूल पटलेलं नाही, कारण त्या मुलखात खरंच काय जपायचं ते सांगणारी एक ओळ त्या पानावर नाही.

मी सध्या गणपतीला गावी आलेय. तुमच्या ऑफिसला समक्ष येऊन गेले तर सांगितलं की काम राजस्थानच्या टीमनं केलं, त्यांच्याशी बोला. त्यांना फोन केला तर म्हणतात बुकिंग बेळगावचं, बेळगावला विचारा. पावती तुमच्या शिक्क्याची आहे साहेब, मी तुम्हालाच विचारणार.

मला साडेआठ हजार परत पाहिजेत, किंवा मेसेजमध्ये लिहिलेलं फटी-जाळ्यांचं सगळं काम औषध न मारता पूर्ण करून पाहिजे, दोन्हीतलं एक तुम्ही ठरवा. फवारलेल्या औषधाचं नाव आणि डब्याच्या लेबलचा फोटो मात्र काहीही झालं तरी पाहिजे, मुलाच्या डॉक्टरांना दाखवायचाय. आणि त्या पॅम्प्लेटवरचा टोळधाडीचा मजकूर काढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, १९१५ हेल्पलाइन पण आहे, त्यामुळं मला राजस्थानात खेटे घालायची गरज नाही हे लक्षात असू द्या. मला तिथवर जायचं नाहीये, पण वेळ आली तर जाईन.

पावती, व्हॉट्सअॅपचा मेसेज, फटीचे आणि ढिगाचे फोटो ह्या पत्रासोबत जोडलेत. अनंत चतुर्दशीनंतर मी परत जैसलमेरला जाणार, तेव्हा माणूस पाठवणार असाल तर त्याच्या आधी तारीख कळवा, आणि येणाऱ्याला सांगून पाठवा की घरात लहान मूल आहे.

तुमची ग्राहक,
खानापूर, जि. बेळगाव