मरळीच्या वजनासोबत लांबी आणि घेरही छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला, की उजनीच्या फुगवट्यात किंवा खडकवासल्याच्या वरच्या अंगाला धरलेल्या मोठ्या मरळींची छायाचित्रे पुण्यातल्या दैनिकांच्या स्थानिक पानांवर येऊ लागतात. मासा दोन्ही हातांनी कॅमेऱ्याकडे पुढे धरलेला असतो, त्यामुळे तो आहे त्याहून मोठा दिसतो, आणि खाली 'तीन फुटी, पंधरा किलोंची मरळ' अशा थाटाची ओळ असते. मासा धरणाऱ्याच्या कौशल्याविषयी मला शंका नाही. माझे म्हणणे एवढेच, की तीन फूट आणि पंधरा किलो ही दोन्ही मापे एकाच मरळीची असू शकत नाहीत, आणि हे ओळखायला काटा लागत नाही, साधा गुणाकार-भागाकार पुरतो.

गळाने मासे धरणाऱ्यांत एक जुना ठोकताळा चालत आलेला आहे: माशाची लांबी इंचांत घ्यावी, सर्वांत जाड जागेच्या घेराचा वर्ग करून तिला गुणावे, आणि आठशेने भागावे, येणारा आकडा म्हणजे पौंडांतले वजन. लांबट, सडपातळ माशांसाठी काही जण आठशेऐवजी नऊशेने भागतात. हाच हिशेब सेंटीमीटर आणि ग्रॅममध्ये मांडला, तर भाजक अनुक्रमे सुमारे २९ आणि साडेबत्तीस येतो. यात जादू काही नाही. मासा हा डोक्यापासून शेपटीपर्यंत एकाच जाडीचा दंडगोल असता आणि त्याची घनता पाण्याइतकी धरली असती, तर भाजक साडेबारा आला असता. पण मरळीचे डोके वरून चपटे असते आणि धड शेपटीकडे निमुळते होत जाते, म्हणून खरा मासा त्या काल्पनिक दंडगोलाच्या चाळीस-त्रेचाळीस टक्के भरतो, असे हा ठोकताळा धरून चालतो.

आता ती तीन फुटांची मरळ पाहू. तीन फूट म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर. एवढ्या लांबीत पंधरा किलो बसवायचे, तर घेर ६९ सेंटीमीटर हवा, म्हणजे लांबीच्या पाऊणपट. मरळीचा घेर ढोबळमानाने लांबीच्या निम्म्याजवळ असतो. पाऊणपट घेराचा मासा मरळ राहणारच नाही. घेर निम्मा धरला, तर वजन साडेसहा किलोंच्या आसपास येते. तोही दांडगा मासाच आहे, आणि ज्याने तो गळाला लावला त्याला अभिमान वाटावा असाच आहे. त्याला पंधरा किलोंचा करण्याची गरज नव्हती.

लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होते, ही गोष्ट बाजारात रोज व्यवहार करणाऱ्यांना हाताच्या अंदाजाने माहीत असते, पण बातमी लिहिताना विसरली जाते. निम्म्या घेराच्या हिशेबाने फूटभर मरळ पाव किलोच्या आतबाहेर भरेल आणि दोन फुटी मरळ दोन किलोंच्या जवळ जाईल. केवळ लांबीवरून अंदाज करायचा झाला, तर असा घनाचा नियम वापरता येतो. मत्स्यशास्त्रात लांबी आणि वजन यांचे नाते असेच मांडतात, आणि त्यातला घातांक बहुतेक माशांत तीनच्या आसपास निघतो. परंतु सडपातळ मरळ आणि पोट भरलेली मरळ यांतला फरक लांबीला कळत नाही, तो घेराला कळतो. पावसाळ्याच्या तोंडावर गाभोळी धरलेली मादी आणि तेवढ्याच लांबीचा नर यांच्या वजनातही म्हणूनच अंतर पडते.

घेर मात्र जपून घ्यावा लागतो, कारण हिशेबात त्याचा वर्ग होतो. साठ सेंटीमीटर लांब आणि तीस सेंटीमीटर घेराची मरळ २९ च्या भाजकाने १,८६२ ग्रॅम येते. लांबी मोजताना एक सेंटीमीटर जास्त धरला, तर सुमारे ३१ ग्रॅम वाढतात. घेरात तोच एक सेंटीमीटर जास्त धरला, तर १२६ ग्रॅम वाढतात. मरळीचा पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीजवळपर्यंत गेलेला असतो, त्यामुळे टेप त्या उभ्या परावरून फिरवली की घेर हमखास फुगतो. पर अंगासरशी दाबून, तो जिथे सुरू होतो त्या जागेजवळ, छातीच्या परांच्या मागे, शिंप्याची टेप किंवा सुतळी अंगाला टेकेल इतकीच घ्यावी, आवळू नये. सुतळी घेतली, तर ती नंतर पट्टीवर ताणून मोजावी. लांबी मोजताना मासा सपाट फळीवर ठेवून, तोंड मिटवून, खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत माप घ्यावे. टेप पोटाच्या फुगवट्यावरून नेली की दोन-तीन सेंटीमीटर फुकटचे पदरात पडतात. मरळीची शेपटी गोल असल्यामुळे दुभंगलेल्या शेपटीच्या माशांत 'खाचेपर्यंत की टोकापर्यंत' असा जो वाद होतो, तो इथे उद्भवत नाही.

भाजक कोणता घ्यावा, हा खरा प्रश्न आहे. वरच्याच मरळीला साडेबत्तीसने भागले, तर वजन १,६६२ ग्रॅम येते, म्हणजे दोनशे ग्रॅमचा फरक. परदेशी नद्यांतल्या माशांवरून बसवलेला भाजक भीमेच्या मरळीला जसाच्या तसा लागू पडेल, असे मानण्याचे कारण नाही. शिवाय आपण ज्यांना सरसकट मरळ म्हणतो, त्यांत निदान दोन मोठ्या जाती आहेत. मीटरभराहून मोठी होऊ शकणारी, लहान वयात शेपटीच्या मुळाशी फिकट कडेचा काळा ठिपका मिरवणारी एक. आणि अंगावर तिरपे पट्टे असलेली, सहसा तिच्याहून लहान राहणारी दुसरी. पुण्यात राहून दख्खनच्या माशांवर लिहिणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांची मरळ शास्त्रीय नावाने नोंदवली होती. आज ती पहिल्या जातीतच धरली जाते. जातींची नोंद व्हायला लागून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्या हौशी मंडळींच्या खिशात अजून इंच-पौंडांचेच सूत्र असते.

यावर उपाय अवघड नाही. भिगवणला माशांचा लिलाव होतो, तिथे वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेले काटे असतात. उजनीत सध्या चिलापीचा भरणा असला, तरी मरळही बाजारात येते. मच्छीमार सहकारी संस्थांनी काट्याशेजारी पट्टी ठोकलेली एक फळी आणि एक टेप ठेवली, आणि मत्स्यव्यवसाय विभागाने एक वही दिली, तर एका हंगामात पुरेशा नोंदी जमतील. लांबीला घेराच्या वर्गाने गुणून वजनाने भागले, की प्रत्येक माशाचा भाजक हाती येतो. त्यांची जातवार सरासरी म्हणजे आपल्या पाण्याचा भाजक. नोंद मात्र आख्ख्या, न साफ केलेल्या माशाचीच हवी, आणि टोपली, बर्फ व पाणी वजनातून वगळलेले हवे. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. जात ओळखण्यात अडचण आली, तर तिथे विचारता येईल.

मासा पुन्हा पाण्यात सोडणाऱ्यांसाठी तर हे अधिकच उपयोगाचे आहे. जिवंत मरळ जबड्यात आकडा अडकवून स्प्रिंगच्या काट्याला उभी टांगली, की सगळा भार जबड्यावर आणि मणक्यावर येतो. त्याऐवजी ओल्या फडक्यावर आडवी ठेवून दोन मापे घ्यायला अर्धे मिनिटही लागत नाही. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून ती काठावर बराच वेळ तग धरते, पण तापलेल्या खडकावर तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर सुकतो, हे विसरू नये. छायाचित्रासाठी थांबवून ठेवायची म्हणून तिला जाळीत घालून पूर्ण बुडवणारेही असतात. वाढ झालेल्या पट्टेरी मरळीला पृष्ठभागावर येऊन हवा घेता आली नाही, तर ती पाण्यातच गुदमरते. पावसाळ्यात पिलांच्या लालसर थव्याभोवती घिरट्या घालणारी जोडी दिसली, तर तिथे ना टेप न्यावी ना गळ, कारण राखण करणारे आईबाप उचलले की तो थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे, की यापुढे मरळीचे छायाचित्र छापताना वजन काट्यावरचे की अंदाजाचे, हे लिहावे आणि लांबी व घेर सेंटीमीटरमध्ये द्यावेत. घेर दिलेला नसेल, तर वजनाचा आकडा गाळून फक्त लांबी छापली तरी चालेल.

आपला,
गळाचा छंद असलेला एक वाचक,
हडपसर, पुणे