आई, थायरॉईड वाढलेला नाहीये, कमी पडतोय

आई, बाबा,

फोनवर हे सांगायला घेतलं की आई "हो गं, घेते गोळी" म्हणून विषय बदलते आणि बाबा लगेच पाण्याच्या टँकरवर येतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून दोघांनी एकत्र वाचा.

रविवारी नौपाड्याला आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, मे महिना, नेरूळहून ट्रेनने येईस्तोवर माझा ड्रेस घामाने अंगाला चिकटलेला, आणि आई तू पंखा बंद करून शाल घेऊन बसली होतीस. तुझा हात हातात घेतला तर गार. बांगड्या मनगटात रुतलेल्या, चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा. आणि बाबा म्हणाले, "हल्ली आळशी झालीय, दुपारभर लोळते." बाबा, तो शब्द मला फार लागला. जिने इतकी वर्षं पहाटे साडेपाचला उठून चार डबे भरले ती आता एकदम आळशी कशी होईल?

झालंय काय, तर गेल्या वर्षी तुझा रिपोर्ट नॉर्मल आला आणि बिल्डिंगमधल्या कोणीतरी सांगितलं की आता गोळी बंद कर, सवय लागते, आणि तू बंद केलीस. अगं, रिपोर्ट नॉर्मल आला होता तो गोळीमुळेच! बंद केल्यावर लगेच काही त्रास झाला नाही म्हणून तुला वाटलं बरंय सगळं, पण गोळीतला थायरॉईडचा हार्मोन रक्तातून फार हळू उतरतो, निम्मा व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, मग हळूहळू थंडी वाजणं, केस गळणं, पोट साफ न होणं, आणि हे इतकं सावकाश होतं की वय झालं म्हणून आपण सोडून देतो. मीसुद्धा फोनवर तुझा आवाज ऐकून सर्दी असेल म्हणून सोडून दिलं, त्याचं मला वाईट वाटतंय.

आता परवाच्या रिपोर्टमध्ये टीएसएच १८ आलंय आणि तू सगळ्यांना सांगतेयस की थायरॉईड वाढला. वाढला नाहीये. बाबा, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी होतात, तुम्हाला पटकन कळेल. वरच्या टाकीत पाणी कमी झालं की वॉचमन खाली पंपवाल्याला हाक मारतो, टाकी भरली की गप्प बसतो. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती म्हणजे हा वॉचमन. गळ्यात फुलपाखरासारखी थायरॉईड ग्रंथी, तो पंप. आणि टीएसएच म्हणजे ती हाक. आईचा पंप थकलाय, पाणी चढत नाहीये, म्हणून वॉचमन जोरजोरात ओरडतोय, तो १८ आकडा म्हणजे त्याचं ओरडणं आहे. गोळीने टाकी भरली की तो आपोआप शांत होतो. शरीरातल्या बऱ्याचशा ग्रंथी अशाच एकमेकींवर नजर ठेवून चालतात, मला हे वाचताना फार भारी वाटलं.

आणि लागतं किती, तर तब्येत ठीक असलेल्या माणसाची थायरॉईड दिवसाला जेमतेम १०० मायक्रोग्रॅम हार्मोन बनवते, ग्रॅमचा दहा हजारावा भाग. वर्षभराचं एकत्र केलं तरी चिमूटभर मिठाएवढं होणार नाही. पण त्यावर अंगातली ऊब, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, स्मरणशक्ती सगळं चालतं. कोलेस्टेरॉलसुद्धा! तू वरणावरचं तूप बंद केलंस ना, तर कोलेस्टेरॉल वाढण्यामागे हेही कारण असू शकतं, डॉक्टरांना नक्की विचारू.

आयुष्यभर गोळी म्हणून घाबरू नकोस. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून बघितला, आधी इंजेक्शन, नंतर तोंडाने. तिला तुझाच आजार होता पण खूप बळावलेला. ती त्यानंतर २८ वर्षं जगली, आणि त्यासाठी शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. तुला एक इवलीशी गोळी घ्यायचीय.

फक्त ती चहाबरोबर नको. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा नाही. बाबा, इथे तुमची मदत हवीय, तुम्ही सहाला चहा टाकता तो सातला टाका, तोवर तलावपाळीला एक चक्कर मारून या. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर, दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉईडची नीट अंगाला लागत नाही, मधे चार तास तरी हवेत.

आणि बाबा, तुमचं पण. रात्री जेवत नाही तरी सकाळची शुगर जास्त कशी येते म्हणून चिडता ना? पहाटे उठायच्या आधी कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, आणि तुमचं इन्सुलिन तेवढं पुरं पडत नाही. उपाशी झोपणं हा त्यावर उपाय नाही. शुगरच्या गोळ्या चालू असताना तर रात्री शुगर एकदम खाली जायची भीती. दोन घास खाऊन झोपा आणि आठवडाभराचे सकाळचे आकडे वहीत लिहा, डॉक्टरांना तेच दाखवू.

आईची पुढची टेस्ट सहा आठवड्यांनी, त्याआधी केली तर आकडा पुरता उतरलेला दिसणार नाही, उगाच घाबराल. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर मी लाल पेनाने गोल केलाय. शनिवारी जेवायलाच येते, आई काही करत बसू नकोस, भाजी मी आणते, कुकर बाबा लावतील.

तुमची,
ताई