डावं वेगळं, उजवं वेगळं मोजणाऱ्या मास्तरांना

मास्तर, सप्रेम नमस्कार.

लग्न झालं, पाहुणे गेले, केकही संपला, पण माझा लग्नाचा फ्रॉक शिवल्याबद्दल तुमचे आभार राहिलेच. दुकानात मानायला आले तर तुम्ही "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाचा ब्लाउज उसवायला घेतलात. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची सून वाचून दाखवेल, तेव्हा निदान उठून जाऊ नका.

माझ्या पाठीच्या कण्याला लहानपणापासून बाक आहे. एक खांदा वर, एक खाली, कंबरही कललेली. तुमच्याआधी ज्या चकचकीत बुटीकमध्ये गेले, तिथल्या बाई भर गिऱ्हाइकांत "जरा सरळ उभी राहा ना" म्हणत राहिल्या. सरळच उभी होते हो! मग कपड्याच्या रंगावरून सुरू. "ख्रिश्चन ना तुम्ही? मग व्हाइट गाऊनच हवा. खणाचा फ्रॉक कोण घालतं लग्नात?" ॲडव्हान्स घेतला आणि जे शिवलं ते एका बाजूला लोंबत होतं. दोष अर्थात माझ्या अंगाचा.

पांढऱ्याची ही चाल फोफावली ती 1840 साली राणी व्हिक्टोरिया पांढऱ्या सॅटिनमध्ये लग्नाला उभी राहिल्यानंतर. आमच्या वसईत त्याच्या कितीतरी आधीपासून चर्चमध्ये लग्नं लागतायत. माझी पणजी लाल लुगड्यात नवरी झाली होती आणि फादरांनी तिला काही परत पाठवलं नाही.

तुम्हाला मी 1950च्या दशकातल्या फ्रॉकचा फोटो दाखवला. आवळ कंबर, पोटरीपर्यंत भरघोस घेर. 1947 साली पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर दियोरने आणलेली ती ढब. महायुद्धात कापड रेशनवर मिळालेल्या बायकांना तो घेर म्हणजे केवढी चैन वाटली असेल! मग पिशवीतून डाळिंबी खण काढला, हिरव्या काठाचा. तुम्ही तो बोटांत चुरगळून पाहिलात आणि टेप उचललीत.

वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारलीत. एकीकडे 'डा', दुसरीकडे 'उ'. खांदा, काख, खांदा ते कंबर, कंबर ते पोटरी, सगळं दोन्ही बाजूंनी वेगळं मोजलंत आणि वेगळं लिहिलंत. तोंडातून अवाक्षर नाही. "अरेरे" नाही, "डॉक्टरांना दाखवलं का" नाही, आणि "तू आहेस तशीच छान आहेस" हेही नाही, ज्याचा मला खरं तर सर्वांत जास्त वैताग येतो. तुमच्या वहीत माझं अंग म्हणजे दोन रकाने आकडे होते. इतकं हलकं मला कोणत्याही शिंप्यापुढे वाटलं नव्हतं.

बाकी तुमची करामत जाणकारांना कळेल. खणाचा पन्हा अरुंद, म्हणून तुम्ही कापड आडवं धरलंत. पन्हा तोच स्कर्टची उंची झाला आणि हिरवा काठ आपोआप खालच्या घेराला आला. पण मग खालून कापायची सोय उरली नाही. माझ्या दोन बाजूंतला फरक तुम्ही सगळा वर कंबरेत, चुण्यांखाली जिरवलात. आधी मांजरपाटावर शिवून बघितलंत, घेर फुगवणाऱ्या आतल्या कॅनकॅनची जाळी टोचू नये म्हणून सुती अस्तर लावलंत. चर्चमध्ये काठ जमिनीशी असा समांतर होता की कॅमेरावाल्यालाही काही कळलं नाही.

लोक 'संवेदनशीलता' शिकायला हल्ली शिबिरांना जातात. तुम्ही कुठल्या शिबिराला गेला असाल असं वाटत नाही. समोरच्याचं नीट माप घ्यायचं आणि त्याला ओशाळं करायचं नाही, एवढी सभ्यता काही माणसांच्या हातातच असते. बँकेत, दवाखान्यात, तिकिटाच्या खिडकीवर अशी माणसं अधूनमधून भेटतात आणि आपण घाईत त्यांना नीट थँक्यूसुद्धा म्हणत नाही.

एक तक्रार मात्र आहे. शिलाई फार कमी घेतलीत. माझी मावसबहीण तिच्या साखरपुड्याचा फ्रॉक शिवून घ्यायला येणार आहे, मोरपिशी खणाचा. तिच्याकडून नीट घ्या. ती घासाघीस करेल, ऐकू नका. बडबडीही आहे, पण तेवढं तुम्ही सांभाळून घ्याल.

तुमची,
डाळिंबी फ्रॉकवाली