वजाबाकीने ग्रहांमधलं अंतर निघत नाही

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मैदानावर मांडायच्या सूर्यमालेच्या प्रतिकृतीचा तुझा तक्ता मिळाला. प्रमाण झकास निवडलंस. एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर, म्हणजेच मिलिमीटरला दहा हजार किलोमीटर. निम्मे हिशेब तोंडी होतात, आणि आकार व अंतरं दोन्ही एकाच मापात बसतात. बहुतेक जण इथेच लबाडी करतात: ग्रह दिसावेत म्हणून ते एका प्रमाणात, जागा पुरावी म्हणून अंतरं भलत्याच प्रमाणात. छापील चित्रांत तर गुरू सूर्याला खेटूनच उभा असतो. तुझा सूर्य १३.९ सेंटिमीटरचा, पृथ्वी टाचणीच्या डोक्याहून लहान, सव्वा मिलिमीटरची, आणि चंद्र तिच्यापासून ३.८ सेंटिमीटरवर. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर २००१ साली उभारलेली ‘व्हॉएज’ ही प्रतिकृतीसुद्धा याच प्रमाणातली आहे.

सूर्यापासूनचे आकडे ताडून पाहिले. बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८, गुरू ७७.८, शनी १४३, युरेनस २८७, नेपच्यून ४५०. सगळे बरोबर. फक्त ही सरासरी अंतरं आहेत एवढं खाली लिही. बुधाची कक्षा चांगलीच लांबोळकी आहे, तो ४.६ ते ७ मीटरच्या दरम्यान ये-जा करतो.

माझं भांडण आहे ते तुझ्या शेवटच्या रकान्याशी. ‘पुढच्या ग्रहापर्यंतचं अंतर’ म्हणून तू सरळ वजाबाकी करून टाकलीस, आणि पृथ्वी ते मंगळ ७.८ मीटर लिहिलंस. अरे, हे खरं कधी असेल? दोघांच्या कक्षा अगदी वर्तुळाकार असत्या आणि दोघे सूर्याच्या एकाच बाजूला एका रेषेत आले असते, तर. एरवी मंगळ कुठेही असू शकतो, अगदी सूर्यापलीकडेसुद्धा, आणि तेव्हा हेच अंतर ३७.८ मीटर होतं. बरं, ७.८ हे किमान तरी आहे का? तेही नाही. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, म्हणजे तुझ्या मैदानावर साडेपाच मीटरच्या जरा पुढे. प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे सूर्य आणि मंगळ यांच्या बरोबर मध्ये पृथ्वी असताना, तो उपसूर्य बिंदूजवळ, म्हणजे आपल्या कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या जागेपाशी होता, म्हणून.

तेव्हा कोन धरल्याशिवाय सुटका नाही. सूर्यापाशी उभं राहून दोन ग्रहांमधला कोन मोजायचा आणि शाळेतलं कोसाइनचं सूत्र लावायचं: दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज करायची, त्यातून त्या अंतरांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले कोनाची कोसाइन वजा करायची, आणि वर्गमूळ काढायचं. पृथ्वी-मंगळाचा कोन ६० अंश असेल तर २० मीटर येतात, ९० अंशांना २७.३. कोन कुठून आणायचा, तर प्रतियुतीपासून दिवस मोजायचे. दोन प्रतियुतींमध्ये सरासरी ७८० दिवस जातात, म्हणजे कोन रोज साधारण ०.४६ अंशांनी वाढतो आणि १९५ दिवसांनी काटकोन होतो. मंगळाच्या लंबवर्तुळामुळे थोडा फरक पडेल, पण मैदानावर तो चालून जाईल.

आता गंमत बघ. पृथ्वीचा सगळ्यात जवळचा शेजारी कोण, असं विचारलं तर कुणीही शुक्र म्हणेल. जवळ येण्यात तोच पहिला, कबूल. पण तो सूर्यापलीकडे गेला की जवळजवळ २६ मीटरवर जातो. बुध मात्र सूर्याला धरूनच राहतो, त्यामुळे फार तर २२ मीटर दूर जाऊ शकतो. सगळ्या काळाची सरासरी काढली तर बुध साडेपंधरा मीटर, शुक्र सतरा आणि मंगळ पंचवीसच्या वर. ‘फिजिक्स टुडे’ या मासिकात २०१९ मध्ये हा हिशेब छापून आला होता. आणि हे फक्त आपल्यापुरतं नाही. नेपच्यूनचासुद्धा सरासरीने सर्वांत जवळचा ग्रह बुधच!

मुलं तुला हमखास विचारतील की ही अंतरं मोजली कुणी. तेव्हा खगोलशास्त्रज्ञ केप्लर सांग. त्याने १६१९ मध्ये मांडलेला तिसरा नियम असा: प्रदक्षिणाकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात. वर्ग १४०.७, त्याचं घनमूळ ५.२. म्हणजे गुरू पृथ्वीच्या ५.२ पट लांब, १५ ने गुणलं की ७८ मीटर, आला की नाही तुझा आकडा? मला यातली खरी मौज अशी वाटते की किलोमीटरमधलं एकही अंतर ठाऊक नसताना केप्लरच्या काळात अशी अंतरांची प्रतिकृती मांडता आली असती. खरी मापं नंतर हाती आली. १६७२ मध्ये कॅसिनी आणि रिशे हे खगोलशास्त्रज्ञ, एक पॅरिसमधून आणि दुसरा दक्षिण अमेरिकेतल्या केयेनहून, मंगळ पाहत होते, त्या निरीक्षणांतल्या फरकावरून पहिला बऱ्यापैकी अंदाज आला. शुक्रावर रडारच्या लहरी आपटून चोख मोजमाप झालं ते थेट १९६१ मध्ये.

तुझ्या प्रमाणात प्रकाश सेकंदाला ३ सेंटिमीटर जातो. एखाद्या वळवळ्या पोराला त्या वेगाने सूर्यापासून पृथ्वीपर्यंत चालायला लाव, आठ मिनिटं वीस सेकंद लागतील. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, चार हजार किलोमीटरवर मांडावा लागेल. तो तोंडीच सांग.

माझं ऐकशील तर ग्रह एका ओळीत मांडूच नकोस. सूर्याच्या खुंटीला दोरी बांध, प्रत्येक ग्रह आपापल्या कोनावर लाव, आणि शेवटचा रकाना मुलांनाच टेपने मोजून भरू दे. नेपच्यूनला मैदान पुरणार नाही, त्याच्या दिशेने नुसता बाण दाखव. कार्यक्रमाची तारीख पक्की झाली की कळव, त्या दिवसाचे आठही ग्रहांचे सूर्यकेंद्री रेखांश, म्हणजे सूर्यापाशी उभं राहून मोजलेले कोन, काढून पाठवतो.

तुझा,
दिनू